१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोनाचा चौसष्टावा घात घेऊन त्यातून एक वजा केला की ही वीस अंकी संख्या मिळते. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट ऐकलेल्या प्रत्येकाची तिच्याशी तोंडओळख असते, पण गोष्ट संपली की संख्याही विसरली जाते. तिचे खरे स्वरूप मात्र त्यानंतरच उलगडू लागते. ६४ हा आकडा शेवटपर्यंत निम्मा करता येतो (६४, ३२, १६, ८, ४, २, १), आणि या संख्येचे जवळजवळ सगळे गुणधर्म या एका गोष्टीतून निघतात.

ही संख्या लिहायची आणि वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी लिहावी लागते. व्यवहारात आपण कोटीच्या पुढे क्वचितच जातो, त्यामुळे बोलताना बहुतेक जण ‘एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी कोटी आणि वर काही’ असे सांगून थांबतात.

वास्तविक अचूक वाचनाची सोय जुन्या स्थाननामांत आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली असून त्यांतले परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. ही संख्या त्याही पुढे जाते. त्या नावांनी ती अशी वाचता येते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्वाच्या जागी शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ दशकोटी, कोटीच्या जागी शून्य, ९ दशलक्ष, ५ लक्ष, ५ दशसहस्र, १ सहस्र, ६ शत, १ दशक आणि ५ एकक. मुलांकडून एकदा तरी हे मोठ्याने वाचून घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण स्थानिक किंमत म्हणजे काय ते तेव्हा कानालाही कळते.

बुद्धिबळाच्या पटाशी तिचा संबंध काय?

पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा रीतीने प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवत गेल्यास चौसष्टही घरांतल्या दाण्यांची बेरीज बरोबर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होते. बुद्धिबळ शोधून काढणाऱ्या सिस्सा नावाच्या पंडिताने हिंदुस्थानच्या राजाकडे हे बक्षीस मागितले, ही कथा अरबी ग्रंथांतून जगभर गेली. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान सांगतो की आधी त्याचाही या गोष्टीवर विश्वास बसला नव्हता. अलेक्झांड्रियातल्या एका हिशेबनीसाने कागदावर आकडेमोड करून दाखवली तेव्हा तो बसला. त्याच्याही आधी, इ.स. १००० च्या सुमारास, अल्-बिरुनीने ही वीस अंकी बेरीज अचूक नोंदवून ठेवली होती. केरळमध्ये अंबलप्पुळाच्या श्रीकृष्ण मंदिरातल्या पालपायसमच्या प्रसादामागेही याच पटाची आणि याच तांदळाची आख्यायिका सांगतात.

एक बारकावा पुष्कळदा निसटतो. एकट्या शेवटच्या घरात ९२२३३७२०३६८५४७७५८०८ दाणे असतात आणि आधीच्या त्रेसष्ट घरांत मिळून त्याहून फक्त एक कमी, म्हणजे ९२२३३७२०३६८५४७७५८०७. हे कोणत्याही घरापाशी खरे असते. प्रत्येक घर त्याच्या आधीच्या सर्व घरांच्या बेरजेला एकाने मागे टाकते, आणि सूत्रातला ‘वजा एक’ तिथूनच येतो.

एवढे तांदूळ म्हणजे नेमके किती?

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा ग्रॅम तांदूळ घ्यावेत आणि ताटात पसरून दाणे मोजावेत. चारशे भरले तर एक दाणा २५ मिलिग्रॅमचा झाला. आंबेमोहराचा दाणा बारीक आणि लांब बासमतीचा वेगळा, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. येथे २५ मिलिग्रॅमच धरू.

पहिल्या ओळीतल्या आठ घरांचे २५५ दाणे साडेसहा ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. ते मुठीच्या तळाशी मावतात. दोन ओळींचे ६५,५३५ दाणे सुमारे १.६ किलो होतात. तीन ओळी झाल्या की चारशे किलोंच्या वर, आणि अर्धा पट संपतो तेव्हा ४,२९,४९,६७,२९५ दाण्यांचे वजन साधारण १०७ टन भरते. इथवर कोणताही राजा हसतमुखाने देईल; एवढा तांदूळ तर एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामातही असतो. उरलेल्या अर्ध्या पटावर मात्र याच्या चारशे एकोणतीस कोटी पट तांदूळ लागतो. संपूर्ण पटाचे वजन ४६१ अब्ज टनांच्या आसपास जाते. सगळ्या जगात वर्षाकाठी साधारण ५० कोटी टन तांदूळ तयार होतो, तेव्हा हे देणे फेडायला आजच्या जगालाही नऊशे वर्षे लागतील.

चौसष्ट बेरजा न करता ही संख्या कशी काढतात?

हा प्रश्न विचारणाऱ्याला थेट ‘लीलावती’च्या श्रेढीव्यवहारात, म्हणजे श्रेढींवरच्या प्रकरणात, न्यावे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, तर महिन्याभरात त्याने किती निष्क दिले, असे उदाहरण तिथे आहे. उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत ते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या असे दिले आहे. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क हे कोष्टक हाताशी घेऊन ताळा केला तर एका कवडीचाही फरक पडत नाही.

या उदाहरणासाठी भास्कराचार्यांनी दिलेली रीत अशी आहे. पदांची संख्या विषम असेल तर त्यातून एक वजा करून ‘गुण’ असे लिहावे, सम असेल तर ती निम्मी करून ‘वर्ग’ असे लिहावे, आणि पदे संपेपर्यंत हेच करत राहावे. मग शेवटाकडून सुरुवातीकडे येत लिहिल्याप्रमाणे गुणाकार आणि वर्ग करावेत. ६४ ला ही रीत लावली तर सहा वेळा ‘वर्ग’ आणि शेवटी एकदा ‘गुण’ लिहावे लागते. आता उलट या: २, त्याचा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा केला की काम झाले. त्रेसष्ट वेळा दुप्पट करण्याऐवजी सहा वर्ग पुरतात. अल्-बिरुनीनेही वर्ग करत जाण्याचीच वाट धरली होती, आणि संगणकही मोठे घात काढताना आज तिनेच जातो.

या संख्येचे अवयव कोणते?

मूळ अवयव सात आहेत: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. प्रत्येक अवयव एकदाच येतो.

ते कुठून आले हे पटावरच पाहता येते. चौसष्ट घरे एका लांब पट्टीत ओळीने मांडली आहेत अशी कल्पना करा. पट्टी मधोमध कापा आणि उजवा तुकडा डाव्या तुकड्याच्या खाली ठेवा. आता पहिल्या घराखाली तेहेतिसावे आले, दुसऱ्याखाली चौतिसावे, आणि प्रत्येक खालच्या घरात वरच्याच्या ४२९४९६७२९६ पट दाणे आहेत. म्हणजे प्रत्येक उभ्या जोडीत वरच्या घराच्या ४२९४९६७२९७ पट दाणे झाले, आणि म्हणून संपूर्ण पटाची बेरीज अर्ध्या पटाच्या बेरजेच्या बरोबर ४२९४९६७२९७ पट असलीच पाहिजे. बत्तीस घरांची पट्टी पुन्हा कापली की ६५५३७ हा अवयव बाहेर पडतो. सोळा घरे कापली की २५७, आठ कापली की १७, चार कापली की ५ आणि दोन कापली की ३. शेवटी एक घर आणि एक दाणा उरतो, कापायला काही राहत नाही.

शाळेत आपण (अ − १)(अ + १) = अ वर्ग − १ हे सूत्र पाठ करतो. वरची कृती म्हणजे तेच सूत्र सहा वेळा लागोपाठ वापरणे होय, आणि भास्कराचार्यांनी सहा वेळा लिहायला सांगितलेला ‘वर्ग’ हा शब्दही याच सहा कापांची नोंद आहे. पटाला साठ किंवा सत्तर घरे असती तर अवयव आलेच असते, परंतु इतक्या शिस्तीने, एका कापाला एक असे आले नसते.

सहा कापांतून सहा अवयव मिळाले: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. यांपैकी पहिले पाच मूळ आहेत. सहावा मूळ नाही, आणि त्याची कहाणी सांगण्यासारखी आहे.

६४१ हा अवयव कोणी आणि कसा शोधला?

३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७ या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये पत्रांतून असे मत मांडले की अशा सर्व संख्या मूळ असतात. सिद्धता त्याच्याकडे नव्हती, आणि तसे त्याने कबूलही केले होते. पुढे १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात क्रिस्टिआन गोल्डबाखने तरुण ऑयलरला या विधानाविषयी विचारले, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

एवढ्या मोठ्या संख्येला ऑयलरने एकेक मूळ संख्येने भागत बसण्याची गरज नव्हती. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असतो. ही यादी ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशी चालते, आणि तिच्यात मूळ संख्या केवळ १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. त्यातली २५७ स्वतःच फर्मा संख्या आहे, आणि कोणत्याही दोन फर्मा संख्या सहमूळ असतात, म्हणजे त्यांना एकाखेरीज सामाईक अवयव नसतो (गोल्डबाखने हे १७३० मध्येच दाखवले होते), म्हणून तीही गळते. तीन भागाकार फसतात आणि चौथा लागतो.

भागाकारसुद्धा न करता हे पाहण्याची एक रीत आहे, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो: ५ × १२८ + १ आणि ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ च्या जागी −१ लिहिता येतो. १२८ म्हणजे दोनाचा सातवा घात, त्यामुळे दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतला की ५ चा चौथा घात गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात याची बाकी १ येते. दुसऱ्यावरून, ५ च्या चौथ्या घाताच्या, म्हणजे ६२५ च्या, जागी −१६ लिहिता येतो, आणि १६ हा दोनाचा चौथा घात. अठ्ठावीस आणि चार बत्तीस. म्हणजे २ च्या बत्तिसाव्या घातापुढे उणे चिन्ह दिले की त्याची बाकी १ येते, म्हणून त्या घातात १ मिळवला की ६४१ ने पूर्ण भाग जातो. पाठकोऱ्या कागदावर चार ओळींत मावणारी ही सिद्धता फर्माला सापडली असती तर त्याने ते मत मांडलेच नसते.

भागाकार ६७००४१७ येतो, आणि ती संख्या मूळ आहे. त्यानंतरच्या फर्मा संख्यांपैकी एकही आजवर मूळ निघालेली नाही. आपल्या संख्येला भागणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचच फर्मा मूळ संख्या माणसाला माहीत आहेत.

मग हिला एकूण किती संख्यांनी भाग जातो?

सात वेगवेगळे मूळ अवयव, आणि प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८. त्यांत १५, ५१, ८५, २५५, ६५५३५ अशा ओळखीच्या संख्या आहेत. ७, ११, १३ यांनी मात्र भाग जात नाही. दोनाच्या घातांची ७ ने भागल्यावर उरणारी बाकी दर तीन पायऱ्यांनी पुन्हा १ वर येते, ११ ची दर दहा आणि १३ ची दर बारा पायऱ्यांनी. ६४ ला या तिन्हींपैकी कशानेही भाग जात नाही.

ही वर्गसंख्या, त्रिकोणी संख्या किंवा आणखी कोणत्या विशेष जातीची आहे का?

वर्गसंख्या नाही, कारण तिला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि कोणत्याही वर्गाची तशी बाकी उरत नाही. ८ ने भागल्यावर बाकी ७ उरते, त्यामुळे दोन किंवा तीन वर्गांच्या बेरजेच्या रूपातही ती लिहिता येत नाही. तिला चार वर्ग लागतातच, आणि चार कोणत्याही संख्येला पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले. दोन वर्गांची वजाबाकी म्हणून मात्र ती ६४ प्रकारे लिहिता येते, कारण १२८ विभाजकांच्या ६४ जोड्या होतात. पटाच्या घरांइतकीच ही संख्या यावी हा योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये.

त्रिकोणी संख्येचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. १, ३, ६, १०, १५ या (१, १ + २, १ + २ + ३ अशा बेरजांच्या) क्रमातल्या कोणत्या संख्या दोनाच्या घातापेक्षा एकाने कमी असतात? १, ३ आणि १५ लगेच दिसतात, थोड्या शोधाने ४०९५ सापडते, आणि मग काहीच सापडत नाही. हा प्रश्न आणि ‘कोणत्या वर्गात ७ मिळवले की दोनाचा घात मिळतो’ हा प्रश्न मुळात एकच आहेत. तो श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या, म्हणजे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या, नियतकालिकात मांडला आणि अशी पाचच उदाहरणे (वरच्या चारांत शून्य धरून) असावीत असे सुचवले. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ग्रंथालय सुरुवातीला पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. पूर्ण सिद्धता नॉर्वेच्या ट्रिग्वे नागेल यांनी १९४८ मध्ये दिली. त्यावरून आपली संख्या त्रिकोणी नाही हे एकही वर्गमूळ न काढता ठरते.

अंकांकडे पाहिले तर काही विशेष दिसते का?

वीस अंकांची बेरीज ८७ येते. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद संख्या’ असे नाव दिले. ८७ म्हणजे ३ × २९. तीनने भाग जातो पण २९ ने जात नाही, म्हणून ही हर्षद संख्या नव्हे. अंक नीट न्याहाळले तर दिसते की शून्यापासून नऊपर्यंतचे सगळे अंक येथे हजर आहेत, एक सोडून. तो अंक २. दोनाच्या दुपटीतून घडलेल्या संख्येत दोनच नसावा हे पाहून प्रत्येक वेळी नवल वाटते, पण दशमान लेखनाच्या बाहेर त्याला काही महत्त्व नाही हेही सांगितले पाहिजे.

द्विमान पद्धतीत मात्र चित्र स्वच्छ होते: ओळीने चौसष्ट एक, दुसरे काही नाही. पायाला चार घेतले तर ओळीने बत्तीस ३. पायाला आठ घेतले तर सुरुवातीला एक १ आणि पुढे एकवीस ७, कारण ६४ ला तीनने भाग जात नाही.

एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येईल का?

नाही. ३० मार्च १७९६ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, गाउसने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ कंपास आणि पट्टीने काढता येतो हे शोधले आणि १८०१ मध्ये त्यामागचा सामान्य नियम प्रसिद्ध केला. वांत्झेलने १८३७ मध्ये उलट बाजू सिद्ध केली. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. आपल्या संख्येचे पाच अवयव या कसोटीला उतरतात, ६४१ आणि ६७००४१७ उतरत नाहीत. अर्ध्या पटाची संख्या ४२९४९६७२९५ मात्र उतरते, आणि विषम बाजूंच्या आज ज्ञात असलेल्या ३१ रचनीय बहुभुजांत ती सर्वांत मोठी आहे. ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना लिहून काढण्यात योहान हेर्मेस या जर्मन शिक्षकाची दहा वर्षे गेली. ते हस्तलिखित ग्योटिंगेन येथे जतन केलेले आहे.

हिच्या शेजारच्या संख्या कशा आहेत?

एकाने पुढची तर दोनाचा चौसष्टावा घातच. दोनाने पुढची १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही पुढची फर्मा संख्या असून तिचे अवयव २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ हे आहेत. ते क्लाउझेनने १८५५ मध्ये गाउसला पत्राने कळवले होते आणि लँड्रीने १८८० मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. मागे जाताना पहिली मूळ संख्या १८४४६७४४०७३७०९५५१५५७ आणि पुढे जाताना १८४४६७४४०७३७०९५५१६२९. म्हणजे आपली संख्या ७२ च्या मूळरहित पट्ट्यात उभी आहे.

संगणकात ही संख्या वारंवार का दिसते?

आजच्या बहुतेक संगणकांत आणि मोबाइलमध्ये एका वेळी ६४ बिटांचा शब्द हाताळला जातो. प्रत्येक बिट शून्य किंवा एक. चौसष्टही बिट एक झाले की याहून मोठी संख्या त्या जागेत मावत नाही, आणि ती सर्वांत मोठी संख्या हीच. तिच्यात एक मिळवला तर जुन्या स्कूटरचे मीटर ९९९९९ वरून ००००० वर जावे तसे सगळे बिट शून्यावर येतात. ऋण संख्याही ठेवायच्या असतील तर तीच चौसष्ट एकांची ओळ −१ अशी वाचली जाते, आणि सर्वांत मोठी धन संख्या पटाच्या पहिल्या त्रेसष्ट घरांची बेरीज होते.

सेकंदाला एक अब्ज वेळा पुढे सरकणारा मोजक बत्तीस बिटांचा असेल तर तो ४.३ सेकंदांत भरतो. चौसष्ट बिटांचा असेल तर सुमारे ५८४ वर्षे लागतात. अर्धा पट आणि पूर्ण पट यांतले अंतर तांदळापेक्षाही या उदाहरणात अधिक नेमके कळते.

आपला एक अवयव तर रोजच्या व्यवहारात आहे. बँकेच्या किंवा तिकीट-आरक्षणाच्या संकेतस्थळाशी जोडणी सुरक्षित करणाऱ्या आरएसए पद्धतीत जाहीर घातांक म्हणून बहुधा ६५५३७ वापरतात, कारण त्याच्या द्विमान रूपात फक्त दोनच एक असतात आणि सोळा वर्ग व एक गुणाकार एवढ्यात काम भागते. ही पुन्हा ‘लीलावती’तलीच रीत.

एक्सेलमध्ये टाकली की शेवटचे अंक शून्य का होतात?

एक्सेल पंधरा सार्थ अंकांपर्यंतच संख्या राखते. त्यामुळे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ लिहून एंटर दाबले की कक्षात १८४४६७४४०७३७०९५००००० एवढेच उरते, आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. कक्षाला आधी ‘टेक्स्ट’ स्वरूप दिले तर अंक जसेच्या तसे राहतात, पण मग त्यांवर गणित होत नाही. हा दोष या संख्येचा नाही. लांब खाते क्रमांकांचेही असेच होते, म्हणून कार्यालयात याद्या भरणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची गोष्ट खरी आहे का?

ती गोष्ट खेळण्यासोबत फ्रान्समध्ये रचली गेली. एदुआर ल्युका या गणितज्ञाने १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे बाजारात आणले: तीन खुंट्या, एकीवर लहानमोठ्या चकत्या, एका वेळी एकच हलवायची, मोठी लहानीवर ठेवायची नाही. सोबतच्या कथेत काशीचे पुजारी चौसष्ट चकत्या हलवत असून काम संपेल तेव्हा जग संपेल असे म्हटले होते.

गणित मात्र खरे आहे. सर्वांत मोठी चकती हलवण्यापूर्वी उरलेल्या सगळ्या एकदा बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात, म्हणून एक चकती वाढली की हालचाली दुप्पट होऊन वर एक. चौसष्टसाठी आपलीच संख्या येते. सेकंदाला एक चकती हलवली तर ५८४ अब्ज वर्षांहून जास्त काळ लागेल. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे मानतात, त्याच्या हे बेचाळीस पट. पुराणांतल्या मापाने, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४.३२ अब्ज वर्षांचा धरला तर असे १३५ दिवस.

सात अवयवांचा गुणाकार बरोबर आहे हे स्वतः पडताळता येईल का?

कॅल्क्युलेटरवर नाही, कागदावर येईल. ३ × ५ = १५, १५ × १७ = २५५, २५५ × २५७ = ६५५३५, ६५५३५ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. वेगळा ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७. शेवटचा गुणाकार म्हणजे ४२९४९६७२९६ चा वर्ग वजा एक. तो करायला एक पान आणि वीस मिनिटे पुरतात.

नंतर ताळा पाहावा. नऊने भागल्यावर अवयवांच्या बाक्या अनुक्रमे ३, ५, ८, ५, २, ८, ७ येतात. गुणत आणि नऊ टाकत गेल्यावर ६ उरतो. मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज ८७, तिचे १५, त्याचेही ६. नऊच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल पकडता येत नाही, म्हणून अकराचाही घ्यावा. अवयवांच्या बाक्या ३, ५, ६, ४, ३, १०, ९. त्यांच्या गुणाकाराची बाकी ४. मोठ्या संख्येचे अंक उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करत गेल्यास ३७ येतात, आणि ३७ मधून तेहेतीस गेले की ४.